तुरुंग आणि शाळा : राज्याच्या हिशेबाची पाने उतरवायला माणसे हवीत

आम्हाला माणसे हवी आहेत, अर्थसंकल्पाची जुनी पुस्तके हवी आहेत आणि १६,०२० रुपये हवे आहेत. महाराष्ट्र सरकारने गेल्या दहा वर्षांत तुरुंगांवर किती खर्च केला आणि शिक्षणावर किती, हे मूळ पुस्तकांतून ओळ न् ओळ उतरवून काढायचे काम वाचनालयाच्या अभ्यासगटाने हाती घेतले आहे. ते चार-पाच जणांच्या आवाक्यातले नाही.

‘सरकार शाळकरी पोरापेक्षा कैद्यावर जास्त पैसे उडवते’ असे सर्रास बोलले जाते. एकूण रक्कम पाहिली तर शिक्षणाचा खर्च तुरुंगांच्या कितीतरी पट आहे. दरडोई काढला की मात्र कैद्याचा आकडा फुगतो, कारण तो चोवीस तास सरकारच्या ताब्यात असतो आणि पहाऱ्याचा पगारही त्याच्याच नावावर पडतो. मग चर्चा घसरते ती थेट कैद्याच्या जेवणावर. आमच्या मते ही दिशाच चुकीची आहे. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यातले ७५.८ टक्के न्यायाधीन, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. जामिनाची रक्कम भरता येत नाही म्हणून कित्येक जण आत राहतात आणि त्यांच्या प्रत्येक दिवसाचा खर्च आपणच भरतो. गरीब बंद्याच्या जामिनासाठी (२०२३ च्या नियमांनुसार ४०,००० रुपयांपर्यंत) मदत देणारी केंद्राची योजना २०२३ पासून आहे. बचत करायची तर तिथे हात घालावा, भाकरीला नको. पण हे ठणकावून सांगायला हातात पक्का हिशेब लागतो.

तो कुठे सापडतो? अर्थसंकल्पात खर्चाच्या प्रत्येक मोठ्या खात्याला चार आकडी क्रमांक असतो, ते प्रधान शीर्ष; त्याखालची तीन आकडी खाती म्हणजे गौण शीर्षे. तुरुंगांचे प्रधान शीर्ष २०५६. त्यात १०१ खाली कारागृहे, १०२ खाली तुरुंगातले कारखाने. कारखान्यांच्या मालाची विक्री जमेच्या बाजूला ००५६ मध्ये दिसते. कैद्यांना कोर्टात नेणाऱ्या पोलिसांचा पगार मात्र पोलिसांच्या २०५५ मध्ये असतो. शिक्षणाचे शीर्ष २२०२ : त्यात ०१ प्राथमिक, ०२ माध्यमिक, ०३ उच्च शिक्षण. इथे थांबलात तर आदिवासी आश्रमशाळा हिशेबातून गळाल्या म्हणून समजा, कारण त्यांचा खर्च २२२५ मध्ये आहे. तंत्रशिक्षण २२०३ मध्ये, इमारतींचा भांडवली खर्च ४२०२ मध्ये. एवढी सगळी शीर्षे एकत्र मांडल्याशिवाय तुलना करणे म्हणजे अर्ध्या ताजव्यावर वजन करणे.

पुस्तकात तीन वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी असतात. २०२५-२६ च्या पुस्तकात २०२३-२४ चा प्रत्यक्ष खर्च, २०२४-२५ चा सुधारित अंदाज आणि २०२५-२६ चा अर्थसंकल्पीय अंदाज. आम्ही फक्त प्रत्यक्ष खर्चाचा रकाना घेतो. अंदाज म्हणजे इरादा. मार्चअखेर समर्पित केलेला, म्हणजे न वापरता परत दिलेला निधी त्यात दिसत नाही.

चुका ठरलेल्या जागी होतात. कुठे आकडे हजारांत, कुठे लाखांत. पानाच्या डोक्यावरची ओळ वाचली नाही की शून्ये वाढतात. ९११ हे शीर्ष वसुलीचे, ती रक्कम वजा करायची असते. ते उणे चिन्ह बारीक छापाईत डोळ्याला निसटते. दत्तमत (विधानसभेच्या मतदानाने मंजूर होणाऱ्या) आणि भारित (मतदानाला न टाकल्या जाणाऱ्या) रकमा वेगळ्या छापलेल्या असतात, दोन्ही घ्याव्या लागतात. जुन्या पीडीएफमधला मजकूर कॉपी केला की फाँटमुळे अगम्य अक्षरे उमटतात, म्हणून हाताने टंकण्याला पर्याय नाही. एकच पान दोघे जण स्वतंत्रपणे टंकतील, तिसरा ताडून पाहील. गौण शीर्षांची बेरीज प्रधान शीर्षाशी रुपयाला रुपया जुळली तरच पान पक्के. नवख्याला एका पानाला पाऊण तास लागतो, सरावाने वीस मिनिटे.

दुसरा भाग जिल्हा परिषदांचा, आणि तोच आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. राज्याच्या पुस्तकात १९६ या गौण शीर्षाखाली जिल्हा परिषदांना दिलेले अनुदान दिसते. ते शाळेपर्यंत पोहोचून कशावर खर्च झाले हे दिसत नाही. तुरुंगाचे वीजबिल कोषागारातून भागते. तीस पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेतून वर्षाला मिळणारे संयुक्त अनुदान १०,००० रुपये. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर, आणि उरलेल्यात खडू, हजेरीपट, गळके छप्पर आणि वीजबिल. एवढ्या एका ओळीसाठीसुद्धा ही तुलना करावी असे आम्हाला वाटते.

म्हणून ३४ जिल्हा परिषदांच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे माहिती अधिकारात अर्ज करणार आहोत. अर्ज जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘खर्च कमी का झाला?’ असे विचारले की अर्ज फेटाळला जातो, कारण खुलासा देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. मागायच्या त्या वार्षिक लेख्यांच्या आणि शाळानिहाय वाटपाच्या प्रती. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून.

पैशांचा हिशेब असा. अर्जांचे स्टॅम्प ३४० रुपये. प्रती पानाला २ रुपये, दर जिल्ह्याला ६० पाने धरून ४,०८०. टपाल ३,४००. दहा अपिले धरून २००. शेवटी निघणाऱ्या पुस्तिकेच्या २०० प्रतींची छपाई ८,०००. जास्त जमल्यास देणाऱ्याला विचारूनच पुढच्या अपिलांसाठी ठेवू. रोख असो वा चेक, वाचनालयाच्या कचेरीत पावती घेतल्याशिवाय कुणाच्या हाती देऊ नये. जमाखर्च दर महिन्याला सूचना फलकावर लागेल.

लेखा विभागातून निवृत्त झालेल्यांची आम्हाला विशेष गरज आहे. शीर्षाची एखादी बदललेली संख्या त्यांना जागच्या जागी ओळखता येते. ज्यांच्या घरी किंवा संस्थेत जुनी अर्थसंकल्पीय प्रकाशने पडून आहेत त्यांनी ती रद्दीत देऊ नयेत. स्कॅन करून आठ दिवसांत परत करू. चालू स्थितीतला जुना सपाट स्कॅनर कुणी दिला तर तोही चालेल.

काम दर रविवारी सकाळी १० ते १, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. पहिल्या दिवशी तासभर शिकवू. येताना फूटपट्टी आणा, रांगेखाली ती धरली नाही तर शेजारच्या वर्षाचा आकडा उतरतो. लॅपटॉप असल्यास आणावा, नसेल तर ताडून पाहण्याचे काम लाल पेनानेही होते.