डिटेक्टरचं वजन टोकाला किती, तेही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला मेटल डिटेक्टर निवडण्यावरचा लेख वाचला. खोली, फ्रिक्वेन्सी, बॅटरी सगळं आलं. ज्या दांड्यावर यंत्र पेलायचं, त्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. त्या दांड्यापायी माझा उजवा खांदा दोन वर्षं धरला होता, म्हणून लिहितोय.

तासभर यंत्र डावी-उजवीकडे फिरवलं की कळतं, हात भरून येतो तो टोकाच्या वजनानं. साधा तरफेचा हिशेब आहे. मुठीपुढे मीटरभर अंतरावरचे १०० ग्रॅम तोलायला मुठीमागे २५ सेंटिमीटरवर ४०० ग्रॅम लागतात. मी ॲल्युमिनियमचा दांडा काढून कार्बन फायबरची नळी घेतली. त्याच मापाची नळी सुमारे ४० टक्के हलकी भरते आणि लवतही नाही. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची धातू हेरणारी चकती, त्यालाही धातूच समजू शकते. म्हणून कॉइललगतचा हातभर तुकडा ग्लास फायबरचा जोडला आणि तिथला बोल्ट नायलॉनचा बसवला. नळी कापताना खुणेवर चिकटपट्टी गुंडाळा, बारीक दात्यांचं पातं वापरा, पाणी सोडत कापा आणि मास्क लावाच. ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये.

पहिल्या दिवशी दर झोक्याच्या शेवटी 'टिक्' वाजायचं. तीन खड्डे खणले, तिन्ही रिकामे. शेवटी कॉइलजवळची केबल चिमटीत धरून पाहिली, तर ती नखभर हलत होती. पट्ट्यांनी घट्ट आवळली आणि आवाज थांबला.

बॅटरीचा डबा मुठीपुढून काढून कोपरामागे नेला. मग मूठ एका बोटावर टेकवून कॉइल वजनकाट्यावर ठेवली. आधी ५२० ग्रॅम दाखवायचा, आता ३४०. एकूण वजन उतरलं जेमतेम १०० ग्रॅम! तरी हल्ली दोन-दोन तास फिरतो आणि रात्री त्या कुशीवर झोपूही शकतो.

यंत्र बनवणारे फक्त एकूण वजन छापतात. पुन्हा असा लेख कराल तेव्हा प्रत्येक यंत्राची कॉइल अशी काट्यावर ठेवून तो आकडा जरूर द्या. घेणाऱ्याचं वय झालेलं असेल, तर त्याला आधी तोच बघायचा असतो.

आपला,
एक निवृत्त फिटर