संरक्षणमंत्री साहेब, तुमचे १ लाख ८० हजार कोटी आणि माझे नुसते १ लाख ८० हजार

माननीय संरक्षणमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी शिरोळ तालुक्यातली. सैनिक टाकळीचं नाव तुमच्या कानावर असेल, त्याच पट्ट्यातलं आमचं गाव. ह्यांनी मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षं काढली, १९८९ ला बेळगावच्या सेंटरला गेले आणि २०१३ ला हवालदार म्हणून घरी आले. मी दहावी पास, घरी शिलाई मशीन आहे. भाच्यानं मोबाईलवर मराठी टायपिंग लावून दिलंय, बोटं चालतील तसं लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आधी नीट अर्जासारखं लिहिणार होते, विषय, संदर्भ, आपली नम्र वगैरे. पण तसले तीन अर्ज कुठल्या कुठल्या टेबलावर आधीच पडलेत, म्हणून हे असंच.

यंदा, २०२५ च्या भाऊबीजेच्या पहाटे ह्यांच्या छातीत कळ आली. घामानं बनियन भिजलं, तरी म्हणतात अ‍ॅसिडिटी आहे, फराळ जास्त झाला. फौजी माणूस, दुखतंय म्हणायची सवयच नाही. नशीब माझा भाऊ आदल्या रात्रीच मुक्कामाला आलेला, त्यानं गाडी काढली आणि आम्ही कोल्हापूर गाठलं. शहरातलं मोठं हॉस्पिटल, माजी सैनिकांचं ईसीएचएसचं, म्हणजे दवाखान्याच्या सरकारी योजनेचं कार्ड चालतं अशी पाटी दारातच. डॉक्टरांनी अँजिओग्राफी केली, दोन ब्लॉकेज निघाले, म्हणाले लगेच स्टेंट टाकायला लागतील. डॉक्टरांबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार काउंटरची आहे. तिथली पोरगी माझ्या थोरल्याच्या वयाची, खाली मान घालून म्हणाली, "काकू, ह्या कार्डावर सध्या घेत नाही, वरनं बिलंच पास होईनात, कॅश भरा नाहीतर दुसरीकडं हलवा." हलवा काय, गव्हाचं पोतं आहे होय?

एस्टिमेट दिलं १ लाख ८० हजाराचं. भावानं तिथंच उभ्या उभ्या जीपेवर ५० हजार मारले. भाऊबीजेची ओवाळणी म्हणायची ती. बाकीच्यासाठी दुसऱ्या दिवशी पतसंस्था उघडल्यावर माझ्या पाटल्या तारण ठेवल्या. ह्या पाटल्या ह्यांनी कारगिलनंतरच्या पहिल्या लांब सुट्टीत करून दिल्या होत्या, दोन वर्षांचे पैसे साठवून. ह्यांना अजून सांगितलं नाही. हातात काचेच्या बांगड्या बघून विचारलं तर म्हटलं, सुजलाय हात.

भाऊबीजेच्याच दिवशी संध्याकाळी, २३ ऑक्टोबरला, वेटिंगमधल्या टीव्हीवर तुमचं मंत्रालयच चाललं होतं. ७९ हजार कोटींच्या खरेदीला मंजुरी. मिसाईलं, बोटी, सामान उचलायच्या क्रेनवाल्या गाड्या, अँकर नुसता उड्या मारायला लागलेला. माझ्या शेजारी एक आजोबा बसलेले, त्यांच्याही हातात तेच आमच्यासारखं कार्ड. ते माझ्याकडं बघून हसले. काही बोलले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, ह्या बाईला काय कळतंय डिफेन्समधलं. साहेब, आमच्या घरात एक वही आहे. हे पेन्शनवर आले तेव्हापासून पेपरमधली फौजेची प्रत्येक बातमी कापून त्या वहीत चिकटवतात. आता तिसरी वही चाललीय. ह्यांचा चष्मा वाढल्यापासून वाचून मीच दाखवते. त्यामुळं आकडे पाठ आहेत, एखादा इकडं तिकडं झाला तर तुमच्याकडं माणसं आहेत की तपासायला.

२०२५-२६ चं संरक्षणाचं बजेट ६ लाख ८१ हजार कोटी. त्यात भांडवली खर्चाला, म्हणजे विमानं, रणगाडे, जहाजं, संशोधन, बांधकाम ह्याला १ लाख ८० हजार कोटी. आकडा बघा, माझ्या बिलाचाच! फक्त तुमच्याला कोटी लागलंय आणि माझ्याला पाटल्या. आणि माजी सैनिकांच्या औषधपाण्याला, दवाखान्याला सगळ्या देशात मिळून ८ हजार ३१७ कोटी. भावानं हिशोब करून सांगितला, शंभर रुपयांतले सव्वा रुपया. ही योजना फुकटची पण नाही हो, रिटायर होताना वर्गणी कापून घेता तुम्ही.

हे पण वहीत आहे, अधोरेखित केलेलं. त्याच्या आदल्या वर्षी, २०२४-२५ ला, ह्याच खर्चाला १ लाख ७२ हजार कोटी धरले होते, वर्षाच्या शेवटी सुधारून १ लाख साडेएकोणसाठ हजार कोटी केले. म्हणजे साडेबारा हजार कोटी खर्च झालेच नाहीत. आणि त्या वर्षी दवाखान्यांना होते ६ हजार ९६८ कोटी. जेवढे खर्च करायला जमले नाहीत त्याच्यात आमचा दवाखाना जवळजवळ दोनदा बसला असता, आणि इकडं ती काउंटरवरची पोरगी म्हणते वरनं पैसे येईनात. मला अर्थशास्त्र कळत नाही, पण भिशी चालवते मी बारा बायकांची. असा हिशोब मी लावला असता तर बायकांनी मला गल्लीतून हिंडू दिलं नसतं.

हे शुद्धीत असते तर आत्ता ओरडले असते, फौजेविरुद्ध बोलू नको म्हणून. शुद्धीतच आहेत तसे, औषधानं झोपलेत. मी फौजेविरुद्ध बोलतच नाही. विमानं घेऊ नका असं कोण म्हणतंय? घ्याच. चीन एकीकडं, पाकिस्तान एकीकडं, पहलगाममध्ये २६ माणसं मारली तेव्हा आमच्या घरात दोन दिवस कुणाला जेवण गेलं नव्हतं, आणि ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूरची बातमी आली तेव्हा ह्यांनी अंगणात उभं राहून "बोला श्री छत्रपती शिवाजी महाराज की" म्हटलं आणि निम्म्या गल्लीनं "जय" म्हटलं. पण घेतलेलं विमान येतं कुठं? २०२१ ला ८३ तेजसची ऑर्डर दिली, २०२४ पासून मिळायची होती. इंजिनं अमेरिकेतनं वेळेवर आली नाहीत, अजून काय काय. हवाई दलाला ४२ स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्या, पाहिजेत आणि मिग-२१ गेल्यावर राहिल्या २९. ते मिग-२१, १९६३ पासूनचं, माझ्या लग्नाच्याच काय, जन्माच्या आधीचं, त्याला २६ सप्टेंबरला चंदीगडला निरोप दिला. त्या दिवसापर्यंत ८३ मधलं एकही हवाई दलाच्या हातात पडलेलं नव्हतं, आणि आदल्याच दिवशी आणखी ९७ ची ऑर्डर, ६२ हजार कोटींची. आमच्याकडं मागचं ब्लाउज शिवून झाल्याशिवाय गिऱ्हाईक पुढचं कापड टाकत नाही.

आणि उशीर झाला म्हणून कुणाची पेन्शन थांबली का? नाही. उलट पेन्शनचा विषय निघाला की टीव्हीवरचे सुटाबुटातले लोक म्हणतात पेन्शनचं ओझं, पेन्शनमुळं आधुनिकीकरण अडलंय, १ लाख ६० हजार कोटी जातात. त्यात नुसते फौजी नाहीत, मंत्रालयाच्या सिव्हिलियन कर्मचाऱ्यांची पेन्शन पण आहे, ते कुणी सांगत नाही. ओझं! ह्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं बर्फानं खाल्लीत साहेब. थंडीत अजून ठणकतात, मी तेल गरम करून देते. २०२० ला कॅगचा, म्हणजे सरकारचा हिशोब तपासणाऱ्यांचा रिपोर्ट आला की सियाचीन, लडाखच्या जवानांना बर्फातले गॉगल कमी, बूट कमी, जुने बूट दुरुस्त करून दिलेले. वाचून दाखवला तर हे काय म्हणाले माहितेय? "आमच्या वेळी पण असंच होतं, चालायचंच." ह्या चालायचंचवर तुमचा सगळा देश चाललाय.

पोरांचं सांगते, मग थांबते.

थोरला ट्रेड्समनमधनं उतरला होता. रोज पहाटे चारला नदीकडच्या रस्त्याला पळायचा, १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढायचा, बीमला लटकून पुलअप्स दहाच्या दहा. फिजिकल पास, मेडिकल पास, लेखी राहिलेली. लेखी आज होईल उद्या होईल, कोरोना आहे, पुढं ढकलली. २०१९-२० ला लष्करात ८० हजारांवर भरती केली होती तुम्ही, आणि पुढची दोन वर्षं शून्य. निवडणुकांच्या सभा झाल्या की हो त्या दोन वर्षांत! मग १४ जून २०२२ ला अग्निपथ, म्हणजे चार वर्षांची भरती आणली आणि जुनी सगळी भरती रद्द. एका वर्षापुरती वयाची मर्यादा वाढवून २३ केली म्हणे. ह्याला २३ पूर्ण होऊन दोन महिने झालेले. त्या दिवशी त्यानं पळायचे बूट नेऊन नदीत टाकले. आता कागलच्या एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डिंगला आहे, बारा तास, आल्यावर अंघोळीचं पाणी काळं होतं. कष्टाचं वाईट वाटत नाही मला. पण रस्त्यानं भरतीची पोरं पळताना दिसली की तो मान फिरवतो, ते बघवत नाही.

धाकटा अग्निवीर. पहिलीच बॅच, जानेवारी २०२३ ला ट्रेनिंग सुरू झालं. पहिल्या वर्षी हातात २१ हजार यायचे, त्यातलेही घरी पाठवायचा. पुढच्या वर्षाच्या शेवटी चार वर्षं भरतील. शंभरातले पंचवीस ठेवणार, पंच्याहत्तर घरी, हातात ११-१२ लाख, पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि हे दवाखान्याचं कार्ड पण नाही. म्हणजे उद्या त्याच्या छातीत कळ आली तर काउंटरवर नाही म्हणायला सुद्धा काही हातात नाही! सोयरीक बघायला गेलो होतो हातकणंगल्याकडं, मुलीचा बाप चांगला होता, चहा-पोहे झाले आणि विचारतो, "चार वर्षांनी काय?" काय सांगू मी त्याला? निमलष्करी दलात १० टक्के जागा राखीव आहेत म्हटलं. तो म्हणाला, मग तिथं लागल्यावर या.

ऑक्टोबर २०२३ ला बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचीनला ड्युटीवर असताना जीवानिशी गेला. त्याच्या घरच्यांना विमा मिळतो, सानुग्रह मिळतं, मोठी रक्कम आहे, मी नाही म्हणत नाही. पण रेग्युलर फौजीच्या घरच्यांना जी महिन्याची पेन्शन मिळते ती नाही. बर्फ तोच, गोळी तीच. बर्फाला विचारा तुझ्याकडं परमनंट आणि टेम्पररी असे दोन कप्पे आहेत का.

मला राग कशाचा आहे सांगू का, तुमचा एकट्याचा नाही. २०१९ च्या महापुरात आमचा तालुका आठ दिवस पाण्यात होता, फौजेच्या बोटी आल्या, बायकांनी जवानांना राख्या बांधल्या, मी पण बांधली, दोरा नव्हता तर मशीनचा रीळ तोडून. तेव्हा सगळे पुढारी त्या बोटींत बसून फोटो काढत होते, पाय ठेवायला जागा नसलेल्या बोटीत पुढाऱ्यांना बरी जागा मिळाली. मे महिन्यात सिंदूरनंतर कोल्हापुरात चौकाचौकात फ्लेक्स लागले, विमानाच्या पुढं विमानापेक्षा मोठं तोंड, ज्यानं उभ्या जन्मात एनसीसीची परेड केली नाही त्याचं. १५ ऑगस्टला ह्यांना शाल आणि नारळ. नऊ शाली झाल्यात कपाटात. पतसंस्थेत मी विचारलं नाही, पण शाल तारण घेत नसावेत. त्याच शाली देणाऱ्यांकडं घरपट्टी माफीचा कागद घेऊन गेलं की माजी सैनिक आहे ह्याचा पुरावा आणा. अहो नऊ शाली तुम्हीच घातल्यात! तलाठी नाही तर ग्रामसेवक नाही, ग्रामसेवक नाही तर सर्व्हर डाऊन. रिटायर झाल्यावर ह्यांनी सात वर्षं एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहून काढली, दोन बोटं नसलेल्या पायावर, आणि आत कर्ज मागायला गेले तर जामीनदार आणा. खासदार आमदारांच्या पोरांतली किती पोरं भरतीला पळतात एकदा मोजा आणि मला नाही, त्या मुलीच्या बापाला कळवा.

असो. मागणं काय आहे ते राहिलंच. हॉस्पिटलांची बिलं ठरलेल्या दिवसांत द्या आणि किती थकलीत ते दर महिन्याला पेपरात छापा, खरेदीची मंजुरी छापता तसं. कार्ड घेत नसेल त्या दवाखान्याच्या दारावरची पाटी तरी काढायला लावा, म्हणजे माणूस पहाटे रस्ता चुकणार नाही. आणि त्या पंच्याहत्तर पोरांचं काय करणार ते पुढच्या डिसेंबरच्या आधी सांगा, आयत्या वेळी नको, आम्हाला लग्नाचा हॉल बुक करायचा असतो.

बिल आणि कार्डाची झेरॉक्स, इमर्जन्सीचं सर्टिफिकेट, अ‍ॅफिडेव्हिट, सगळं जोडून पैसे परत मिळायचा अर्ज टाकलाय, तो चौथा. पाटल्यांची मुदत सहा महिने आहे. हे आत्ता कूस बदलायला लागलेत, उठले की पहिल्यांदा वही मागतील, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचा पेपर कापायचा राहिलाय त्यांचा. तो ७९ हजार कोटींचा.

आपली,
एका हवालदाराची बायको आणि एका अग्निवीराची आई
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर