सरकार नसेल तर दिवा कोण लावणार?

गंगापूर रोड, नाशिक

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, ‘सरकारच नको म्हणणारी माणसं रस्त्यावरचा दिवा कोणाकडून लावून घेणार?’ तेव्हा उत्तर अर्धंच राहिलं. सरकारशिवाय सामायिक सोयी कशा होतील, हा विषय मी अभ्यासाला का घेतला हे तुम्हा दोघांना नीट कळावं असं फार वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

अडचण तुम्ही म्हणता तीच आहे. दिव्याचा उजेड पैसे न देणाऱ्यालाही मिळतो, आणि त्याला मिळाला म्हणून माझा कमी होत नाही. मग जो तो शेजाऱ्याच्या वर्गणीची वाट बघतो. अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ साली हे गणितात मांडलं. अशा सोयी बाजार पुरेशा करणार नाही, त्या सरकारनेच कराव्यात, हे तेव्हापासून विद्यार्थी पाठ करत आले. दीपगृह हे त्याचं ठरलेलं उदाहरण. पण रोनाल्ड कोझ या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ साली दाखवून दिलं, की इंग्लंडमधली कितीतरी दीपगृहं खासगी माणसांनी बांधली आणि चालवली होती. समुद्रावर उजेड अडवता येत नाही, पण जहाज कधीतरी बंदराला लागतंच. तिथे त्याच्या आकारमानाप्रमाणे पट्टी घेतली जायची. आता हेही खरं, की त्या वसुलीचा हक्क राजाच्या सनदेने मिळालेला होता. म्हणजे सत्ता तिथे पूर्णपणे गैरहजर नव्हती.

मला जास्त आवडली ती अर्थशास्त्रज्ञ अलेक्झांडर टॅबरॉक यांनी १९९८ मध्ये मांडलेली युक्ती. समजा नाल्यावर पूल हवा आहे. बांधणारा म्हणतो, ठरलेल्या संख्येइतक्या लोकांनी सह्या केल्या तरच मी पैसे घेईन आणि पूल बांधीन. सह्या कमी पडल्या तर पूल नाही, पण ज्यांनी सही केली त्यांना मी पदरचे थोडे पैसे देईन. आता मागे राहण्यात फायदा कुठे उरला? पूल झाला तर पूल मिळतो, नाही झाला तर पैसे मिळतात.

पण बाबा, हे सगळं वाचताना मला राहून राहून मोसम नदीकाठची आपली फडपद्धत आठवत होती. बंधाऱ्याखालच्या रानाचे मोठे तुकडे म्हणजे फड, आणि त्यांना पाटाचं पाणी सगळ्यांनी मिळून वाटायचं. बंधारा, पाट, पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, आणि पावसाळ्याआधी पाटातला गाळ काढायला सगळ्यांनी मिळून जाणं. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर ही पद्धत शेकडो वर्षं चालली, आणि रोजचा कारभार कुठल्या खात्याने नाही, शेतकऱ्यांनीच पाहिला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच व्यवस्थांच्या अभ्यासासाठी. पाणी, कुरण, जंगल सामायिक असलं की ते उजाड होणारच, हा समज त्यांनी मोडून काढला. आपल्याच जिल्ह्यात वाघाड धरणावर पाणीवापर संस्था पाणी मोजून घेतात आणि आपसात वाटतात. धरण सरकारी, वाटप शेतकऱ्यांचं.

फडाची खरी ताकद मला आत्ता कुठे कळली. बहुतेकांचं थोडं थोडं रान प्रत्येक फडात असायचं. पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवायची वेळ आली, तर तो ठरवणाऱ्याचंही रान त्यात असायचं. नुकसान सगळ्यांनाच सोसावं लागायचं, म्हणून निर्णय पाळला जायचा.

आई, इथे तुझ्या माहेरची गोष्ट येते. मामाचं शेत पैठणच्या खाली, गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाच्या कालव्यावर. त्याच्या वरच्या अंगाला गंगापूर, दारणा ही आपली नाशिकची धरणं. कमी पावसाच्या वर्षी खाली पाणी सोडायचं की नाही यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा भांडतात. राज्याच्या २००५ च्या पाण्याच्या कायद्यात वरच्या-खालच्यांना न्याय्य वाट्याने पाणी देण्याची, म्हणजे समन्यायी वाटपाची, तरतूद झाली, तरी वाद उच्च न्यायालयापर्यंत गेलाच. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराचं एक गुंठाही पैठणखाली नाही. तिथलं पीक जळलं तर त्याला झळ लागत नाही.

राज्यसंस्थेशिवाय समाज चालेल असं मानणारे डेव्हिड फ्रीडमन १९७३ पासून सांगत आले आहेत, की संरक्षण आणि न्यायसुद्धा खासगी संस्था देतील. भांडण महाग पडतं, म्हणून दोन्ही बाजू आपणहून लवादाकडे जातील. दोन तुल्यबळ व्यापाऱ्यांमध्ये हे होईलही. पण नदीवर वरच्याच्या हातात दरवाजा आणि खालच्याच्या हातात नुसती तक्रार. वरचा लवादाकडे कशासाठी जाईल? मामाला शेत उचलून दुसऱ्या नदीवर नेता येत नाही. पाणी विकत घ्यायचं म्हटलं, तर जे आजवर आपसूक वाहत येत होतं त्याचेच पैसे त्याने मोजायचे का? याचं मनाला पटेल असं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

म्हणून बाबा, रस्त्यावरच्या दिव्याची मला काळजी वाटत नाही. दिवा, पूल, पाट, वाचनालय हे लोक आपसात करार करून करतील, आणि आज सरकार करतं त्याहून काही ठिकाणी चांगलं करतील, यावर माझा विश्वास बसला आहे. गोदावरीबाबत मात्र मला कोणीतरी असा हवा आहे, ज्याचा शब्द वरच्यालाही मानावा लागेल.

आता एक काम आहे. फडाचं पाणी चोरणाऱ्याला तुमच्या वडिलांच्या काळी काय शिक्षा व्हायची, आणि ती ठरवायचं कोण, हे आठवेल तसं लिहून ठेवा. ज्यांच्याकडे रान नव्हतं त्यांना बैठकीत बोलता यायचं का, तेही लिहा. आई, तू मामाला विचार, त्यांच्या चारीला, म्हणजे शेतापर्यंतच्या छोट्या पाटाला, कालव्याच्या पाण्याची शेवटची पाळी कधी मिळाली. दिवाळीला येईन तेव्हा दोन्ही समजून घेईन.

तुमची लेक