समलिंगी मुलांना उपचार नव्हे, आधार हवा

संपादक महोदय,

प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. तरी मुलाचा कल लक्षात येताच त्याचा मोबाइल काढून घेणे, लग्नाची घाई करणे किंवा ‘बरे करून देतो’ म्हणणाऱ्याच्या दारात त्याला नेऊन बसवणे आपल्या घरांतून थांबलेले नाही. कल बदलण्याचे असे कथित उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले, पण पालकांना हे सांगायचे कोणी? या मुलांमध्ये आत्महत्येचा धोका अधिक आढळतो तो त्यांच्या कलामुळे नव्हे, तर छळ, एकटेपणा आणि घरातून हाकलले जाण्याच्या भीतीमुळे. जवळच्या एका मोठ्या माणसाने जरी मनापासून स्वीकारले, तरी हा धोका कमी होतो. वर्गात ‘बायल्या’ अशी हाक ऐकू आली की शिक्षकाने तास तिथेच थांबवावा. माझ्या मते हे अभ्यासक्रम पूर्ण करण्यापेक्षा तातडीचे आहे. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक शाळेच्या सूचनाफलकावर लावण्यासाठी तर कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.

– एक माध्यमिक शिक्षिका, सातारा