आबांच्या डोंगराचं नाव कळव

रोटोरुआ, न्यूझीलंड
रविवार, रात्री

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

आत्ताच जेवणं झाली, मुक्ता आणि जावई झोपायला गेले आणि मी कागद घेऊन बसलो. फोन केला असता तर पाच मिनिटांत संपलं असतं, म्हणून पत्र. मुक्ता सकाळी त्याचे फोटो काढून तुला पाठवेल. खिडकी जराशी उघडी आहे, तिच्यातून गंधकाचा वास आत येतोय. कॉलेजात असताना आपण वज्रेश्वरीच्या कुंडावर गेलो होतो ना, तोच वास, पण इथे तो सगळ्या गावावर पसरलेला. काल गाडीतून उतरताच नाकाला रुमाल लावला होता, आज कळतही नाही.

ऑकलंडहून इथे यायला तीन तास लागले. मोठं तळं आहे, सुमारे ८० चौरस किलोमीटरचं. जवळजवळ २ लाख ४० हजार वर्षांपूर्वी एक प्रचंड ज्वालामुखी फुटला, जमीन आत खचली आणि त्या खळग्यात हे पाणी साठलं. खालची आग अजून विझलेली नाही. रस्त्याकडेच्या गटारातून वाफ निघते, बागेत कुंपण घातलेला चिखल रटरट शिजत असतो. तळ्याकाठच्या ओहिनेमुतू वस्तीत तर कबरीसुद्धा जमिनीच्या वर बांधलेल्या आहेत, कारण खोल खणायची सोयच नाही, खाली सगळं तापलेलं. तिथल्या चर्चमध्ये खिडकीच्या काचेवर येशू कोरलाय, अंगावर इथल्या मूळ रहिवाशांचा, माओरींचा झगा. बाकावर बसलं की मागचं खरं तळं काचेतून दिसतं आणि तो पाण्यावरून चालत येतोय असं वाटतं. मी तिथे बराच वेळ बसून राहिलो.

ही आग इथे आली कशी, याची माओरींची गोष्ट मला फार आवडली. 'ते अरावा' नावाच्या होडीतून यांचे पूर्वज समुद्रापलीकडून आले. होडीबरोबरचा मोठा पुरोहित न्गाटोरोइरांगी दक्षिणेच्या डोंगरावर चढला आणि थंडीने गारठून मरायला टेकला. त्याने दूर मायदेशी राहिलेल्या बहिणींना हाक मारली. बहिणींनी समुद्राखालून आग पाठवली. ती येता येता जिथे जिथे वर डोकावली, तिथे तिथे गरम झरे झाले. मला भाऊबीज आठवली.

पण दत्ता, मला खरं सांगायचंय ते फाकारेवारेवाबद्दल. हे वाफेत वसलेलं माओरी गाव आहे आणि माणसं तिथे आजही राहतात. आम्हाला गाव दाखवायला तिथलीच एक बाई होती, आपल्या वयाची. मी तिला मनातल्या मनात मावशी म्हणू लागलो. एका कुंडाचं पाणी इतकं निळं की हात घालावासा वाटावा, आणि ते उकळतं. मावशीने जाळीच्या पिशवीत मक्याची कणसं घालून दोरीने आत सोडली. थोड्या वेळाने वर ओढली, सोलून एक माझ्या हातात दिलं. किंचित खारट चव, दाणे टपोरे. शेजारच्या लाकडी पेटीत खालच्या वाफेवर मांस, रताळी आणि कोबी शिजत होता. कुंडातलंच पाणी चरांमधून निवत निवत अंघोळीच्या टाक्यांत जातं. पाहुणे गेले की संध्याकाळी गावकरी तिथे अंघोळीला जमतात. "आमचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर देवाने आधीच बांधून ठेवलं होतं," मावशी म्हणाली.

मग पोहुतू नावाचं गरम पाण्याचं कारंजं उडालं. आधी जमीन गुरगुरते, मग पांढरं पाणी चढतच जातं, कधी कधी ३० मीटरपर्यंत. दिवसातून कितीतरी वेळा. शहरातल्या लोकांनी घरं आणि हॉटेलं गरम करायला शेकडो बोअर मारल्या, तेव्हा ही कारंजी मलूल व्हायला लागली. १९८०च्या दशकात सरकारने पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतल्या बोअर बंद करायला लावल्या, आणि पाणी पुन्हा जोर धरू लागलं. आपल्याकडे विहिरी आटल्या की आपण आणखी खोल बोअर मारतो. इथे थांबले. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटलं.

शेजारच्या कलाशाळेत एक मुलगी हाराकेके नावाच्या रोपाची लांब पाती घेऊन बसली होती. शिंपल्याच्या कडेने तिने पातीवरचा हिरवा भाग खरवडला, तशी आतून रेशमासारखी दशी निघाली. मग नडगीवर तळहाताने ती दशी वळून तिने दोरा केला. थेट तुझी आई वाती वळायची तसं. नाचाच्या घागऱ्याला त्या पातीचे काही टप्पे खरवडतात, काही तसेच ठेवतात आणि काळ्या चिखलात बुडवतात. खरवडलेला भाग तेवढा काळा होतो. नक्षी अशी उमटते, रंग वेगळा लावावा लागत नाही. पलीकडच्या खोलीत मुलं लाकूड कोरत होती. यांना लिपी नव्हती, वंशावळ लाकडात कोरून ठेवायची. सभागृह म्हणजे पूर्वजाचं शरीरच. आढं म्हणजे कणा, वासे म्हणजे बरगड्या, दर्शनी बाजूच्या तिरप्या फळ्या म्हणजे पसरलेले हात. आत शिरलं की त्याच्या पोटात बसल्यासारखं.

आता मावशीची गोष्ट. ती मुळात इथली नाही. म्हणजे जन्म इथलाच, पण तिचे लोक, तूहोरांगी, राहायचे तारावेरा डोंगराजवळ, 'ते वाइरोआ' नावाच्या गावात. तिथून होडीने गेलं की गुलाबी आणि पांढऱ्या दगडी पायऱ्या लागायच्या. गरम पाण्यातल्या खनिजाचे थरावर थर साचून झालेल्या, डोंगरउतारावर कुंडं मांडल्यासारख्या. जगभरातून लोक बघायला यायचे. तूहोरांगींच्या बायका त्यांना वाट दाखवायच्या. त्यांतली सोफिया हिनेरांगी फार नावाजलेली. १८८६ च्या मे अखेरीस तिच्या होडीतल्या सगळ्यांना तळ्यावर एक जुनी लढाऊ होडी दिसली, जी कुणाचीच नव्हती. पुढे दहाएक दिवसांनी, १० जूनच्या मध्यरात्रीनंतर, तारावेरा फुटला. पायऱ्या गेल्या, 'ते वाइरोआ' चिखल-राखेखाली गेलं, सुमारे १२० माणसं मेली. सोफियाचं घर भक्कम होतं, त्या रात्री साठाहून जास्त जण त्यात तगले.

वाचले ते लोक निराधार झाले. त्यांना फाकारेवारेवाच्या नातलगांनी जागा दिली. सोफिया इथे आली आणि पुन्हा वाट दाखवू लागली, या कुंडांची. तेव्हापासून पिढ्यानपिढ्या इथल्या बायका हेच काम करत आल्या आहेत, मावशी त्यांतलीच.

आणि बघ, तिने आपली ओळख कशी करून दिली. माओरी माणूस आधी स्वतःचं नाव सांगत नाही. आधी डोंगर, मग पाणी, मग होडी, मग आपले लोक, सगळ्यात शेवटी आपण. मावशी म्हणाली, "माझा डोंगर तारावेरा." ज्याने तिचं गाव गिळलं तोच. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, ती जन्मली दुसरीकडे, तरी डोंगर तोच. आवाजात राग नव्हता. थोरल्या माणसाचं नाव घ्यावं तसं घेतलं.

दत्ता, मला तू आठवलास. "गाव कुठलं?" असं कुणी विचारलं की तू क्षणभर थांबतोस, मग "सातारा जिल्हा" म्हणून विषय बदलतोस. तुझ्या आबांचं गाव कोयना धरणाच्या शिवसागराखाली आहे हे मला माहीत असून मीही कधी पुढे विचारलं नाही. एका मे महिन्यात पाणी खूप ओसरलं होतं तेव्हा आबा आपल्या दोघांना काठावर घेऊन गेले होते. त्यांनी चिखलातल्या एका जोत्याकडे बोट दाखवलं, चपला काढल्या आणि हात जोडले. आपण वीस-एकवीस वर्षांचे असू. मला वाटलं होतं, काही तरी बोलतील. बोलले नाहीत. परतताना एसटीत तू खिडकीकडे तोंड करून बसला होतास.

हे मी मावशीला सांगितलं, माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, मुक्ताने जमेल तेवढं सावरलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग निघताना माझ्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवून त्यांच्या पद्धतीने नमस्कार केला, दोघांचा श्वास एक व्हावा म्हणून करतात तसा, आणि विचारलं, "तुझ्या मित्राच्या गावावरचा डोंगर तर बुडाला नसेल. त्याचं नाव काय?"

मला सांगता आलं नाही. चाळीस वर्षांची आपली मैत्री, आणि मला ते नाव माहीत नाही.

आबांची तब्येत कशी आहे? गुडघ्यांचं तेल मी पुढच्या महिन्यात येताना आणतोच. त्यांना माझा साष्टांग नमस्कार सांग, आणि ते निवांत बसलेले असतील तेव्हा विचार, गावाच्या वर उभा होता त्या डोंगराला ते काय म्हणायचे, आणि पाऊस कुठल्या बाजूने यायचा. ते सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत लिहून फोनवर पाठव. बुधवारी इथून निघायच्या आत आलं तर मी फाकारेवारेवाला परत जाऊन मावशीला सांगून येईन.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विलास