चंद्रावरच्या फोटोत तारे का नसतात?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये चंद्रावर उभ्या असलेल्या विक्रम लँडरचे छायाचित्र आले, तेव्हापासून एक शंका सतत कानावर येते. तिथे हवा नाही, आकाश काळेकुट्ट, मग एकही तारा कसा नाही? अपोलोच्या फोटोंबद्दलही हेच विचारले जाते. शंका रास्त आहे. तिचे उत्तर कॅमेऱ्याच्या आकड्यांत आहे आणि ते नाशिकमध्ये बसून तपासता येते.

आकाश काळे असले तरी तिथे भर दिवस असतो. विक्रमची वीज सौरपट्ट्यांवरच अवलंबून होती. उन्हातली जमीन आणि यान नीट उमटायला आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) १००, एफ (भिंगाचे छिद्र; आकडा लहान तेवढा प्रकाश जास्त) ८ आणि शटर उघडे राहायला सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो. तारे टिपायचे तर आयएसओ १६००, एफ २.८ आणि २० सेकंद लागतात. म्हणजे वेळ ५,००० पट, भिंगातून येणारा प्रकाश ८ पट, संवेदनशीलता १६ पट. गुणाकार ६ लाख ४० हजार. एवढी तफावत एकाच फोटोत सामावणारा साधा कॅमेरा नाही. तारे धरायला जावे तर यानाचा नुसता पांढरा गोळा होईल.

हे करून पाहायला फोन आणि तिवई पुरे. अष्टमीच्या आसपासची रात्र घ्या, पौर्णिमा नको, कारण तिच्या उजेडात फिके तारे बुडतात. फोन ‘प्रो’ मोडवर ठेवा, फोकस हाताने अनंतावर न्या, दोन सेकंदांचा टायमर लावा, नाहीतर बोटाच्या धक्क्याने फोटो हलतो. आधी आयएसओ १०० ठेवून चंद्रावरचे डाग दिसेपर्यंत शटरची वेळ कमी करत जा. ती सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास येईल. चंद्र छान येईल, भोवती एकही तारा नसेल. मग आयएसओ १६०० आणि १५ सेकंद करा. तारे उमटतील, चंद्र फुटून पसरेल. २० सेकंदांच्या पुढे जाऊ नका. आकाश तासाला १५ अंश फिरते, ताऱ्यांच्या रेघा होतात. सिडको किंवा कॉलेज रोडवर १५ सेकंदांत दिव्यांच्या उजेडाने आकाशच उजळून निघते, तेव्हा पेठ किंवा सुरगाण्याकडे जावे. ‘नाइट’ मोड आणि एआय मात्र बंदच हवे. काही फोन चंद्राचे बारकावे स्वतःच भरतात, मग चाचणीला अर्थ राहत नाही.

चंद्रावरून ताऱ्यांचे फोटो मुळी घेतलेच नाहीत असेही नाही. १९७२ मध्ये अपोलो १६ च्या अंतराळवीरांनी जॉर्ज कॅरुथर्स यांनी बनवलेला अतिनील कॅमेरा यानाच्या सावलीत उभा केला आणि तारे टिपले. अंतराळस्थानक पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला असतानाही तिथून ताऱ्यांचे फोटो घेतले जातात.

दुसरी शंका उलट्या बाजूची: हबल या अवकाश दुर्बिणीची रंगीत चित्रे रंगवलेली असतात का? इथे उत्तर थोडे नाजूक आहे. आकार आणि तेज खरे असते, रंग बऱ्याचदा नेमून दिलेले असतात. १९९५ च्या ‘पिलर्स ऑफ क्रिएशन’ या वायू आणि धुळीच्या खांबांच्या चित्रात गंधकाचा प्रकाश लाल, हायड्रोजनचा हिरवा आणि ऑक्सिजनचा निळा दाखवला आहे. प्रत्यक्षात हायड्रोजन आणि गंधक दोघांचाही तो प्रकाश लालच असतो. वेगळा रंग दिला नसता तर कुठला वायू कुठे आहे हे डोळ्याला कळलेच नसते. जेम्स वेब दुर्बीण तर अवरक्त प्रकाश टिपते, तो आपल्याला दिसतच नाही. ही फसवणूक नव्हे, पण सांगितले नाही तर वाचकाला तशी वाटते.

फसवणुकीचा नमुना हवा असेल तर दरवर्षी दिवाळीत फिरणारे ‘अवकाशातून दिसणारा भारत’ हे चित्र पाहावे. ते दिवाळीचे नाहीच. २००३ पर्यंतच्या उपग्रह-नोंदी एकत्र करून बनवलेला तो नकाशा आहे. त्यातले रंग कोणत्या काळात कुठे दिवे वाढले हे दाखवतात. तिथे शंका घ्यायलाच हवी.

म्हणून विनंती अशी की अवकाशातले छायाचित्र छापताना खाली एक ओळ द्यावी: कोणती दुर्बीण किंवा कॅमेरा, कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश, आणि रंग मूळचे की नेमून दिलेले. प्रसिद्धीपत्रकात ही माहिती बहुधा असते. छापताना जागेसाठी पहिली कात्री तिच्यावरच चालते.

– एक आकाशनिरीक्षक वाचक, गंगापूर रोड, नाशिक