ओटा लख्ख, पण भट्टीचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2017 पासून सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिलं आलेल्या आपल्या इंदुरात खाण्याच्या दुकानांसमोर कागदाचा कपटा दिसत नाही. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत मध्यरात्रीनंतरसुद्धा झाडू फिरतो. पण ज्या गॅसच्या भट्टीवर गराडू (एक कंद) तळले जातात, तिच्याखाली वाकून कोणी बघतं का? मी केटरिंगवाला असल्यामुळे माझी नजर आधी तिकडेच जाते.

रात्री दुकान बंद करायची घाई असते, म्हणून पोरगा तापलेल्या बर्नरवरच पाण्याची बादली ओततो. बिडाचा बर्नर अशाने तडकतो. पाणी भोकांत बसतं आणि दुसऱ्या दिवशी ज्योत पिवळी, कढईच्या बुडाला काजळी. मग कोणीतरी सुई घेऊन जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी, कोरतो. जेट पितळेचा, मऊ. भोक मोठं झालं की गॅस जास्त सुटतो, हवा पुरत नाही आणि काजळी आणखी वाढते. खरं तर भट्टी निवल्यावर बर्नर काढून सोड्याच्या गरम पाण्यात घासावा, भोकं तारेच्या ब्रशने मोकळी करावीत आणि पुरता वाळल्यावरच बसवावा. जेट खराब असेल तर नवा घालावा. तो काही महाग नसतो.

थंडीत आणखी एक प्रकार चालतो, तो पाहून माझ्या पोटात गोळाच येतो. मोठ्या भट्टीला गॅस भराभर लागतो, आतल्या द्रवाची वाफ होताना 19 किलोचा सिलिंडर गार पडतो, बाहेरून दंव धरतं आणि ज्योत मंदावते. की लगेच सिलिंडर आडवा करतात, नाहीतर गरम पाण्याच्या परातीत उभा करतात! आडव्या सिलिंडरातून वाफेऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि भट्टी भडकते. दोन सिलिंडर एकत्र जोडले की एकेकावरचा ताण कमी होतो. जोडणी मात्र एजन्सीच्या माणसाकडूनच करून घ्यावी.

बंद करताना आधी सिलिंडर, मग नळीतला गॅस जळून गेला की भट्टीचा कॉक. गळतीची शंका आली तर साबणाचा फेस लावावा. काडी लावून बघणारे महाभाग अजून आहेत. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. म्हणून तळघरातल्या स्वयंपाकघरांची तपासणी आधी व्हावी.

महापालिकेचे लोक कचऱ्याचे डबे तपासायला येतातच, तेव्हा भट्टीची नळीही बघावी. आपल्या मराठी मंडळांनीही गणपतीच्या महाप्रसादाआधी आचाऱ्याला एवढं विचारावं, की नळी केव्हा बदलली? चांगल्या नळीवर साल छापलेलं असतं. पण ते वाचायला आधी तिच्यावरचा तेलाचा थर पुसावा लागेल.

आपला,
एक केटरिंग व्यावसायिक, रामबाग, इंदूर